सागाचं पान

सागाचं पान देखणं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पिंपळपानाची नाजूक शेपटी त्याला नाही. आपट्याला निदान दसऱ्यापुरतं सोनं म्हणतात, तेवढाही मान त्याच्या वाट्याला येत नाही. विड्याच्या पानासारखं ते कुणाच्या पूजेच्या ताटात जात नाही. अंग थोराड, वरून गडद हिरवं, खालून राखी आणि लवदार. वरच्या बाजूवरून बोट फिरवलं की खरखर लागतं. एटापल्लीकडच्या एका अंगणवाडीत चार वर्षांच्या एका मुलीने असं बोट फिरवलं, 'मांजराची जीभ' एवढंच म्हणाली आणि खेळायला पळाली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या पानाबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, पण इतकं नेमकं नाही.

घराणं मात्र बडं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते, आणि जुनी माणसं अजून त्याला चांदाच म्हणतात. या चांद्याच्या जंगलातला, त्यातही आलापल्लीचा साग म्हटलं की लाकूडवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. कमलापूरला आज जो हत्तीकॅम्प आहे, तिथल्या हत्तींनी एकेकाळी हेच ओंडके जंगलातून ओढून काढले. आलापल्लीजवळ जुन्या सागांचा एक तुकडा कुऱ्हाडीपासून राखून ठेवलाय, त्याला वनवैभव म्हणतात. २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. आणि २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा त्या लाकडाची पूजा होऊन शोभायात्रा निघाली होती. एवढा थाट भल्याभल्या माणसांचाही होत नाही.

हा सगळा थाट खोडाचा. खोडाला नंबर पडतो, वनखात्याचा हातोडा बसतो, वाहतुकीचा परवाना लागतो, डेपोत रास लागते, लिलाव होतो. बांबूच्या नशिबीही कागदपत्रं आहेतच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातला बांबू स्वतःच्या परवान्यावर बाहेर पाठवता यावा म्हणून किती झगडावं लागलं, आणि २७ एप्रिल २०११ ला त्या गावात परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना यावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. तेंदूपानाचे पुडे मोजले जातात, मोहफूल वजनावर जातं. सागाच्या पानाला कुणी विचारत नाही. आठवडी बाजारात मटणवाला त्यात मटण गुंडाळून देतो, पावसाची सर आली तर गुराखी डोक्यावर धरतो, संपलं. कुठल्याही रजिस्टरात त्याचा रकाना नाही. म्हणूनच ते बिनबोभाट मुलांच्या हाती पडलं असावं.

सागाच्या पानाचा स्वभाव म्हणाल तर मोठा आतल्या गाठीचा. ते एकटं येत नाही, जोडीने येतं, समोरासमोर. आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला आडवी. आपलं काय आहे ते एका भेटीत दाखवत नाही. जूनमध्ये भेटलेलं पान वेगळं, सप्टेंबरातलं वेगळं, आणि मार्चमध्ये पायाखाली येतं ते तर अगदीच निराळं. ज्याला त्याची पुरती ओळख हवी असेल त्याने वर्षभर येत राहावं. मोठ्या माणसांना ते जमत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र दुसरा काही उद्योग नसतो, आणि अंगणवाडी रोज भरते.

आता जूनमधली ओळख. उन्हाळाभर साग उघडाबोडका उभा असतो, आणि पाऊस जवळ आला की फांद्यांच्या टोकाला कोवळी पानं फुटतात. रोपट्यांना आणि तोडलेल्या खुंटांच्या फुटव्यांना ती हाताच्या उंचीवर मिळतात. शेंड्याचं सगळ्यांत लहान पान, तांबूस झाक असलेलं, दोन बोटांएवढं, खुडायचं आणि दोन तळव्यांमध्ये चोळायचं. आधी काहीच होत नाही. मग तळवा ओलसर होतो, आणि एकाएकी लालभडक. हिरव्या पानातून रक्त निघावं तसा रंग. या दोन जिल्ह्यांत वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याने लहानपणी असा हात लाल करून आईला 'कुऱ्हाड लागली' म्हणून घाबरवलेलं असतंच. आणि आईनेही लहानपणी तेच केलेलं असल्यामुळे ती घाबरलेली नसतेच.

पान खालून नीट पाहिलं तर या लालीचा थोडा पत्ता लागतो. कोवळ्या पानाच्या पाठीवर बारीक बारीक तांबडे ठिपके असतात, इतके बारीक की मोठ्यांना चष्मा लावावा लागतो आणि मुलांना लागत नाही. पान जून झालं की हे ठिपके काळपट पडतात आणि हात पहिल्यासारखा रंगत नाही. म्हणजे पान निवडणं ही पहिली पायरी, आणि ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. अंगणवाडीच्या बाईंनी हे सांगायचं नसतं. जुनाट पान चोळून चोळून हात दुखले आणि शेजारचीचा हात लाल झाला, की मूल मान वळवून शेजारचीने कुठलं पान घेतलं ते पाहतं.

एटापल्लीकडच्या ज्या अंगणवाडीचं मी सांगतोय तिथल्या सेविकेने या लालीचं दहा-बारा दिवस चालणारं एक काम करून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी नुसतं पानं पाहायला जायचं, तेही अंगणवाडीच्या मागच्या धुऱ्यापर्यंत. तोडायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकच पान आणायचं. मग एका जुन्या पांढऱ्या सुती धोतराचे तुकडे धुवायचे. म्हणजे मुलांच्या दृष्टीने पाण्यात थपाथपा करायचं. मदतनीस ताईंनी तुरटी फिरवलेल्या पाण्यात ते बुडवून ठेवायचे, दोरीवर वाळत घालायचे. वाळल्यावर कापडाच्या घडीत पान ठेवायचं आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने वरून हळूहळू ठेचायचं. हळूहळू हा शब्द बाईंचा. मुलांच्या गोट्यांना तो ऐकू येत नव्हता. ठेचता ठेचता कापडाच्या पाठीवर आधी एक जांभळा डाग उमटतो, मग मधली शीर, मग बाजूच्या शिरा, आणि एका क्षणी सबंध पान कापडात उतरलेलं दिसतं. घडी उघडल्यावर तर एकाची दोन पानं झालेली असतात, समोरासमोर, फांदीवर असतात तशी. मग चोथा खरवडून काढायचा, दोन दिवस तसंच ठेवायचं, आणि शेवटी एका तुकड्यावर लिंबाचा थेंब, दुसऱ्यावर चुलीच्या राखेचं पाणी. लिंबाने रंग उजळतो, राखेच्या पाण्याने काळवंडतो. चुन्याने तो आणखी लवकर पालटतो, पण चुना लहान मुलांच्या डोळ्यांत जाण्याची भीती, म्हणून बाईंनी तो वर्ज्य केलेला.

तीन वर्षांचं मूल दहा मिनिटं एका जागी बसत नाही, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण सागाच्या पानाने सलग दहा मिनिटं कुणाकडे मागितलेली नाहीत. ते आज दहा मिनिटं मागतं, उद्या दहा, आणि मधल्या वेळात आपलं आपण वाळत, भिजत, मुरत राहतं. मुलांच्या लक्षाचा आणि पानाच्या मुरण्याचा असा सांधा कुणी मुद्दाम जुळवलेला नाही, तो जुळतो. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या दोरीकडे धावणारं मूल कालचं काम विसरलेलं नसतं. मोठ्यांना एका तासात मोर पाहिजे असतो. अशा एका तासाच्या मोरांचं प्रदर्शन मी पाहिलेलं आहे: भिंतीवर ओळीने वीस मोर, वीसही सारखेच, डोळे अगदी जागच्या जागी. ते कुणी केले हे विचारायची गरज नव्हती. मुलांनी फार तर डिंक चाटला असेल.

लाल रंगाच्या या गुणाची आपल्याकडे कुणी फारशी वाच्यता केलेली नाही, पण जावा बेटावर त्याच्यावर एक सबंध पक्वान्न उभं आहे. योग्यकर्ता शहरात कोवळा फणस नारळाच्या दुधात तासन् तास शिजवतात, त्याला गुदेग म्हणतात. त्याचा तांबूस तपकिरी रंग येतो तो भांड्यात टाकलेल्या सागाच्या पानांमुळे. त्याच बेटावर चिरेबोनला भात सागाच्या पानात बांधून विकतात. आपल्या मटणवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त विचारलं, 'पान विकत घ्यावं लागते का तिथं?'

तर असं हे पान अंगणवाडीत आलं कसं, हे पाहायचं तर जरा मागे जावं लागेल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. माँटेसरीची साधनं सुंदर, पण महाग, आणि पाड्यावरच्या मुलाला परकी. ताराबाईंनी शिंपले, गोटे, बिया, पानं हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी ही सरकारी गोष्ट होऊन गावोगाव पोचली. खिचडी पोचली, वजनकाटा पोचला, लसीकरण पोचलं, आणि याचं मोल कमी नाही. गडचिरोलीच्या मुलांचं वजन हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. शिंपले आणि पानं मात्र वाटेत कुठे तरी सांडली. पुढे राज्याच्या 'आकार' या बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात परिसरातल्या वस्तू वापरा असं पुन्हा सांगितलं गेलं. कागदावर ते चांगलंच होतं. पण भामरागडच्या मुलाच्या हाती येणाऱ्या रंगवायच्या वहीत पहिलं चित्र सफरचंदाचं असतं, आणि एकदा तर मी त्यात बर्फाचा माणूसही पाहिला, गळ्यात मफलर घातलेला. गंमत अशी की वहीचा कागद इथल्याच जंगलाचा असू शकतो. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ पासूनचा, आणि इथला बांबू त्याने वर्षानुवर्षं खाल्लेला आहे. बांबू जंगलातून जातो आणि बर्फाचा माणूस होऊन परत येतो.

पानाला भाषेचीही अडचण नाही, आणि इथे ती मोठी अडचण असते. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा बाईंची मराठी त्याला परकी असते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७३ पासून काम करणाऱ्यांना आधी माडिया शिकावी लागली ती याचसाठी. 'ठेच', 'वाळव', 'उलट' हे शब्द कळले नाहीत तरी हात कळतात. बाई उलटवतात, मूल उलटवतं. पंधरा दिवसांनी त्याला मराठीतली पाच क्रियापदं आलेली असतात आणि बाईंना माडियातली तीन, आणि कोण कुणाला शिकवत होतं हे सांगता येणार नाही.

पाऊस धो धो लागला की पान भरात येतं. रोपट्याचं किंवा खुंटाच्या फुटव्याचं पान या दिवसांत दोन फुटांचंही भरतं. तीन वर्षांच्या मुलाने ते डोक्यावर धरलं तर मागून नुसते पाय दिसतात. या काळात त्याची लाली आत गेलेली असते आणि शिरा वर आलेल्या. मग काम बदलतं. पान पालथं घालून पाठीवर गेरू फासायचा आणि भिंतीवर दाबायचं. नाहीतर पानावर कागद ठेवून मेणाच्या खडूने घासायचं. खडू आडवा धरायचा ही यातली मेख. उभा धरणाऱ्याचा कागद फाटतो, आडवा धरणाऱ्याच्या कागदावर शिरांचं झाड उगवतं. मुलांचा या झाडावर विश्वास बसत नाही. कागद उचलून खाली पान आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहतात, आणि खडू फिरवायचा राहून जातो. त्याची घाई कुणी करू नये.

मग ऑगस्ट-सप्टेंबरात पानाला पाहुणे येतात. सागाच्या दोन वैरिणी वनखात्याला चांगल्या ठाऊक आहेत. दोघीही पतंगाच्या अळ्या. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला येते आणि कोवळं पान सरळ फस्त करते. दुसरी मागाहून येते आणि तिचं खाणं फार नखऱ्याचं. ती फक्त शिरांमधला हिरवा गर खाते आणि शिरांना तोंड लावत नाही. ती जेवून उठली की पानाची जाळी उरते, बारीक, तपकिरी, एकही धागा न तुटलेली. ज्या वर्षी या अळ्या उदंड होतात त्या वर्षी ऐन सप्टेंबरात डोंगरच्या डोंगर करपल्यासारखे दिसतात, आणि नव्या माणसाला वणवा लागून गेला असं वाटतं. वनखात्याच्या दृष्टीने हे नुकसान आहे आणि ते बरोबर आहे. अंगणवाडीच्या दृष्टीने ही फुकटची कारागिरी. जाळीचं पान उन्हात धरलं की शेणाने सारवलेल्या अंगणावर त्याची सावली पडते, आणि पान जवळ-लांब केलं की सावली ठळक-पुसट होते. सावलीवरून कोळशाने रेघ ओढायची म्हटलं, तर रेघ संपेपर्यंत सावली सरकलेली असते. एक पोरगं यावर चिडलं. पान धरणाऱ्या मुलीवर ओरडलं, 'हालू नको ना वं!' ती हलत नव्हती, सूर्य हलत होता, पण ते त्याला पटवून देणं त्या दिवशी कुणालाच जमलं नाही.

आता मधेच एक सांगितलं पाहिजे. शहरातल्या बालवाड्यांत 'निसर्गात जाऊन कला' असा प्रकार असतो. बसमधून मुलांना बागेत नेतात, पानं गोळा करतात. या दोन जिल्ह्यांत निसर्गात जाणं इतकं सोपं राहिलेलं नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तिथले वाघ वाढले, आणि वाढलेले वाघ हद्दीच्या पाट्या वाचत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात मोहफुलं वेचायला, तेंदू तोडायला गेलेली माणसं वाघाने मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळपही गडचिरोलीत उतरलाय. इथल्या सेविकेला निसर्ग दाखवायला मुलांना कुठे न्यावं लागत नाही, उलट तो अंगणात येऊ नये म्हणून कुंपण घालावं लागतं. धुऱ्यापर्यंतच जायचं, आणि तेही दहाच्या उन्हात, दोघी मोठ्या बायका सोबत असताना, हा नियम काही कलाशिक्षणाच्या पुस्तकातून आलेला नाही. सागाचं पान याबाबतीत समंजस. त्याला शोधत आत जावं लागत नाही. ते रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागे, तलावाच्या पाळीवर, जिथे माणूस आहे तिथपर्यंत आलेलं असतं.

थंडी सरता सरता पान रंग सोडतं. पिवळं, मग तपकिरी, मग एका सकाळी टप्. हो, आवाज येतो. बारीक पानं तरंगत येतात, सागाचं पान आदळतं. सगळी गळली की जंगलात चालणाऱ्याचं पाऊल लपत नाही. ससा चालला तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. पूर्वी शिकाऱ्यांना या पानांचा राग होता म्हणतात. मुलांना हा आवाज फार प्रिय. पाचोळा चुरगाळायचा, त्यावर उड्या मारायच्या, पोत्यात भरून हलवायचा. या दिवसांत पान कागदासारखं वागतं, म्हणून दोन भोकं पाडून त्याचे मुखवटेही होतात. मुखवट्यासाठी कडकडीत वाळलेलं पान घेतलं तर भोक पाडताना त्याचे तुकडे होतात. आदल्या रात्री पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात दाबून ठेवलं तर ते चामड्यासारखं लवचीक होतं. ही युक्ती मदतनीस ताईंची. त्यांच्याकडे वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम आला की घरात वेगळंच वारं असतं. त्यांनी मुलांचे मुखवटे पाहून शेरा मारला, 'वडशाचं नाटक बसवा आता.' आणि खरंच दुसऱ्या दिवशी एक वाघ, दोन डुकरं आणि एक ग्रामसेवक अशा चार पात्रांचं नाटक झालं. वाघ ग्रामसेवकाला घाबरला.

मार्चमध्ये हीच पानं जंगलाला पेटवतात. मोहाखाली जागा साफ करायला लावलेली आग सागाच्या पाचोळ्यात शिरली की तिला आवरणं कठीण, म्हणून वनमजूर जाळरेषा मारत हिंडतात. अंगणवाडीत मात्र पाचोळा खड्ड्यात जातो, आणि इथेही पान आपला स्वभाव सोडत नाही. भाजीची देठं, केळीची सालं केव्हाच माती होतात. सागाचं पान खड्ड्यात महिनोन्महिने आपली शीर ताठ ठेवून बसतं. मुलं काठीने उकरून पाहतात आणि 'आहे अजून' असं ओरडून सांगतात.

यावरूनच बाईंना सुचलेला शेवटचा प्रयोग म्हणजे मडक्याचा. अळीने केलेली जाळी आपल्याला करता येईल का, असा प्रश्न एका मुलाने विचारला होता. करता येते. आतापर्यंत जपून ठेवलेली धड पानं पाणी भरलेल्या मडक्यात बुडवायची, वर दगड ठेवायचा आणि दोन-तीन आठवडे, थंडी असेल तर अधिक, वाट पाहायची. आतला गर कुजतो, शिरा टिकतात. मग मऊ ब्रशने, दात घासायचा जुना ब्रश चालतो, वाहत्या पाण्याखाली गर सोडवायचा. निम्म्या पानांच्या चिंध्या होतात आणि निम्म्यांची जाळी साधते. सोपं काम. फक्त मधल्या दिवसांत मडक्याला जो वास येतो तो लिहून सांगण्यासारखा नाही. मुलं नाक धरून रोज झाकण उघडतात, किंचाळतात आणि पुन्हा उघडतात.

पर्यवेक्षिका मॅडम नेमक्या अशा दिवसांत आल्या. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात पोषण ट्रॅकर उघडलेला. वजनं पाहिली, आहाराची नोंद पाहिली, सगळं ठीक होतं. मग म्हणाल्या, 'मुलांचं कलाकाम दाखवा, फोटो टाकायचाय.' बाईंनी मडकं दाखवलं. मॅडमनी झाकण उचललं आणि लगेच ठेवलं.

'यात काय आहे?'

'पानं आहेत, मॅडम. कुजत घातली.'

'कलाकाम?'

'होय. अजून आठ दिवस लागतील.'

मॅडम रांगेत बसलेल्या मुलांकडे वळल्या. 'काय बनवताय रे तुम्ही?' मुलं काही बोलेनात. शेवटी मागून एक आवाज आला, 'आमी काई नाई करत. पाणी करते.'

मॅडमनी फोटो काढला नाही. रजिस्टरात उपक्रमाच्या रकान्यात 'सागाचे पान' लिहिलं, पुढच्या 'पूर्ण / अपूर्ण' या रकान्यात पेन जरा थांबलं, तिथे 'चालू' असा शब्द भरला, आणि मडकं स्वयंपाकघरापासून लांब ठेवा असं बजावून त्या पुढच्या गावाला निघाल्या.